नदीपलीकडचे गाव

पुणे शहराच्या मध्यभागातून मुठा नदी वाहते. तिच्या उजव्या तीरावर शनिवारवाडा आहे, कसबा गणपतीचे देऊळ आहे, जुन्या पेठा आहेत. डाव्या तीरावर शिवाजीनगर हा विस्तीर्ण भाग पसरलेला आहे. न्यायालय, महाविद्यालये, आकाशवाणीचे केंद्र, रुग्णालये आणि रेल्वे स्थानक ह्यांमुळे तेथे दिवसभर माणसांची वर्दळ असते. ह्या गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसाला आपल्या पायांखाली कोणे एके काळी ज्वारी-बाजरीची शेते होती, असे सांगितले तर ते खरे वाटणार नाही.

परंतु माणसे जे विसरतात, ते जमिनीचे दप्तर विसरत नाही. शिवाजीनगरातील एखाद्या जुन्या घराचे खरेदीखत उघडून पाहिले, तर त्यात ‘भांबुर्डा’ हे नाव लिहिलेले आढळते. घराच्या दारावर एक नाव आणि घराच्या कागदावर दुसरे! हे दुसरे नाव एका गावाचे आहे. त्या गावाला स्वतःची शीव होती, स्वतःचा पाटील होता, स्वतःचे ग्रामदैवत होते. ते पुण्याचा भाग नव्हते. ते पुण्याचे शेजारी होते. त्या भांबुर्डे गावाची ही कथा आहे.

दोन तीर

मुठा नदी सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते. आंबी आणि मोसे ह्या नद्यांचे पाणी बरोबर घेऊन ती पुण्याकडे येते आणि शहराच्या ईशान्येस मुळा नदीला मिळते. तेथून मुळामुठा ह्या जोडनावाने पुढे जाऊन ती भीमेत विलीन होते.

ह्या संगमाच्या अलीकडे, नदीच्या दोन तीरांवर दोन वस्त्या फार प्राचीन काळापासून नांदत होत्या. उजव्या तीरावर पुणे होते, डाव्या तीरावर भांबुर्डे. मधून वाहणारी नदी हीच त्यांची शीव. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की माणसे व गुरे उताराच्या जागेवरून पाय भिजवीत ये-जा करीत. पावसाळ्यात नदी दुथडी भरली, की दोन्ही गावे एकमेकांकडे नुसती पाहत राहत.

भांबुर्ड्याच्या प्राचीनपणाचा सर्वांत मोठा साक्षीदार आजही उभा आहे. तो म्हणजे पाताळेश्वराचे लेणे. इसवी सनाच्या आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळात हे शिवालय काळ्या खडकात कोरण्यात आले. जमिनीच्या पातळीखाली खोदलेले प्रांगण, त्याच्या मध्यभागी खडकातूनच घडविलेला नंदीचा वर्तुळाकार मंडप, आणि त्यामागे चौकोनी खांबांच्या ओळी असलेला सभामंडप, अशी त्याची रचना आहे. लेण्याचे काही काम अपुरेच राहिले आहे. ज्या शतकात हे लेणे घडले, त्याच शतकातील, इसवी सन ७५८ आणि ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुणे प्रदेशाचे नाव ‘पुण्य विषय’ व ‘पूनक विषय’ असे आले आहे. ‘विषय’ म्हणजे त्या काळचा एक प्रांतविभाग होय. तेव्हा पुण्याचे नाव ताम्रपटात लिहिले जात असताना, नदीपलीकडे छिन्नी-हातोड्याचा आवाज घुमत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

काळी आणि पांढरी

भांबुर्डे स्वतंत्र होते असे म्हटले, म्हणजे तेथे एखादा राजा राज्य करीत होता असे नव्हे. देशावर राष्ट्रकूट आले, यादव आले, सुलतान आले, मराठ्यांचे राज्य आले. त्या त्या राजाला भांबुर्डे सारा भरीत असे. परंतु सारा भरल्यानंतर गावाचा कारभार गावच पाहत असे. महाराष्ट्रातील गावांचे स्वातंत्र्य ते असे होते.

अशा गावाचे दोन भाग असत. घरे जेथे बांधलेली असत ती ‘पांढरी’ आणि शेते जेथे पिकत ती ‘काळी’. पांढरीत माणसे राहत आणि काळी त्यांना पोशी. गावच्या कारभारात पाटील हा मुख्य असे. भांबुर्ड्याची पाटीलकी शिरोळे घराण्याकडे होती. कुलकर्णी दप्तर लिही. सुतार औते दुरुस्त करी, लोहार फाळ शेवटी, कुंभार मडकी घडवी, चांभार मोट शिवी, न्हावी आणि परीट आपापली कामे करीत. ह्या बलुतेदारांना महिन्याचा पगार नसे. सुगी आली, की खळ्यावरच्या राशीतून त्यांचा वाटा ठरल्याप्रमाणे त्यांना मिळे. ह्यालाच ‘बलुते’ म्हणत. शेत पिकले तर सर्वांची घरे चालत. शेत बुडाले तर सर्वांवर संकट येई. एका काळीच्या आधारावर सारी पांढरी उभी असे.

ह्या व्यवस्थेत सर्व काही चांगले होते असे मात्र नाही. जन्मावरून काम ठरे, कामावरून मान ठरे, आणि काही जातींच्या माणसांना गावकुसाबाहेर राहावे लागे. गावाची शीव राखणाऱ्यालाच गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. गावाचे स्वातंत्र्य गावातील सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नव्हते, हेही ह्या इतिहासात ध्यानात ठेवले पाहिजे.

गावाची देवस्थाने नदीकाठी व पांढरीत होती. रोकडोबा हे भांबुर्ड्याचे ग्रामदैवत. नदीच्या काठावर सिद्धेश्वर आणि वृद्धेश्वर ह्यांची मंदिरे होती. ही देवळे आजही आहेत.

शेजारी मोठा होतो

सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आदिलशाही सैन्याने उद्ध्वस्त केलेले पुणे पुन्हा वसविण्याचे काम शहाजीराजांच्या जहागिरीत सुरू झाले. जिजाबाई आणि बाल शिवाजी ह्यांचे वास्तव्य नदीच्या उजव्या तीरावर कसब्यात होते. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७३० साली, पहिल्या बाजीराव पेशव्यांनी तेथेच शनिवारवाड्याचा पाया घातला. कसब्याचे शहर झाले. एकामागून एक पेठा वसल्या. सरदारांचे वाडे, सावकारांच्या पेढ्या, कारखाने, हत्तीखाने ह्यांनी उजवा तीर भरून गेला.

डावा तीर मात्र होता तसाच राहिला. साऱ्या हिंदुस्थानचे राजकारण ज्या वाड्यात चाले, त्या वाड्यापासून नदी ओलांडली की समोर एक खेडेगाव होते. शनिवारवाड्यात चौघडा वाजे आणि भांबुर्ड्यात मोटेचे चाक कुरकुरे. दोन तीरांमध्ये एका नदीचे अंतर होते. पण राहणीत जणू दोन युगांचे.

अठराव्या शतकात ह्या नदीवर लाकडाचा पूल बांधण्यात आला. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला, आणि त्याच वर्षी नानासाहेब पेशवे पर्वतीवर निवर्तले. लोकपरंपरा ह्या पुलाचा संबंध त्याच वर्षाशी जोडते. पुढे लाकूड गेले आणि त्या जागी दगडी पूल आला. तरी पुणेकर त्याला अजून ‘लकडी पूल’ असेच म्हणतात. वस्तू नाहीशी झाली तरी नाव मागे राहते, ह्याचे हे सुंदर उदाहरण आहे. नाव नाहीसे होऊन वस्तू मागे राहिल्याचे उदाहरण भांबुर्डे देणार होते. पण त्यास अजून अवकाश होता.

लढाईने जे केले नाही

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. गणेशखिंडीपासून खडकीपर्यंतच्या माळावर बापू गोखले ह्यांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. त्याच दिवशी संगमावरील इंग्रज रेसिडेंटाचा बंगला जाळण्यात आला. भांबुर्ड्याच्या गावकऱ्यांच्या कानांवर तोफांचे आवाज आले असतील. संगमावरचा धूर त्यांच्या दृष्टीस पडला असेल. १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. एक मोठे राज्य लयाला गेले.

पण भांबुर्डे गेले नाही. मृगाचा पाऊस आला, की पेरणी झाली. खळी मळली, बलुती वाटली गेली. आणि सारा पूर्वी एकाला द्यावयाचा, तो आता दुसऱ्याला दिला गेला. राजे बदलले, निशाणे बदलली, तरी काळी व पांढरी होत्या तेथेच होत्या. हजार वर्षांत कोणत्याही लढाईने भांबुर्डे पुसले नव्हते.

ते पुसले ते तलवारीने नव्हे. मोजणीदाराच्या साखळीने, आगगाडीच्या रुळांनी आणि शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींनी ते हळूहळू पुसले. ह्या गोष्टींपैकी कोणतीही वाईट नव्हती. म्हणूनच ही कथा विचार करण्यासारखी आहे.

पांढरी राहिली, काळी गेली

१८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. पुण्यास येणारी आगगाडी भांबुर्ड्याच्या शिवारातून जाऊ लागली. १८५४ साली पुण्यात स्थापन झालेली अभियांत्रिकी शिक्षणाची शाळा पुढे वाढून ह्याच बाजूला, संगमाजवळ, मोठ्या महाविद्यालयाच्या रूपाने स्थिरावली. १८८५ साली उजव्या तीरावरच्या शनिवार पेठेत सुरू झालेले फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ साली नदी ओलांडून डाव्या बाजूच्या टेकडीच्या पायथ्याशी आले. पेठांत जागा उरली नव्हती आणि भांबुर्ड्याकडे माळ मोकळा होता.

१८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या पेठांत ती झपाट्याने पसरली. माणसे घरे सोडून शहराबाहेर मोकळ्या रानात झोपड्या घालून राहू लागली. दाट वस्तीत रोग वाढतो आणि मोकळ्या हवेत माणूस वाचतो, हा धडा पुणेकरांना ह्या साथीने फार मोठी किंमत घेऊन शिकविला. त्यानंतर नदीपलीकडे घर असावे असे अनेकांना वाटू लागले. बंगले उठू लागले, रस्ते आखले गेले.

१९०७ साली शेतकीचे स्वतंत्र महाविद्यालय येथे निघाले. भांबुर्ड्याची बहुतेक शेते पुढे नाहीशी झाली, परंतु ह्या महाविद्यालयाच्या शेतावर आजही पीक उभे राहते. ज्या भूमीत शेतकरी पिढ्यान् पिढ्या बापाकडून शेती शिकले, तेथे आता ती पुस्तकातून आणि प्रयोगातून शिकविली जाते.

१९२३ साली शनिवारवाड्यासमोर नदीवर भक्कम दगडी पूल बांधून झाला. त्याला लोक ‘नवा पूल’ म्हणू लागले. पुण्याचा जुना गाभा आणि भांबुर्डे ह्यांच्यात आता चार मिनिटांचे अंतर उरले. जमिनीला भाव आला. शेताचे तुकडे पाडले गेले, तुकड्यांना क्रमांक मिळाले, क्रमांकांवर घरे उभी राहिली.

ह्या बदलात गावकऱ्याच्या पदरी काय पडले? ज्याची जमीन होती, त्याला तिचे पैसे मिळाले. पण शेत दरसाल पिकते; पैसा एकदाच मिळतो. ज्याने तो जपून वापरला, त्याचे बस्तान बसले. ज्याला ते साधले नाही, तो आपल्याच गावात भाडेकरू झाला. आणि ज्याच्याजवळ जमीन नव्हतीच, त्याचे काय? शेत नाही म्हणून औत नाही. औत नाही म्हणून सुताराला काम नाही. खळे नाही म्हणून रास नाही. रास नाही म्हणून बलुते नाही. जमीन विकताना दस्तऐवजावर सही मालकाची होती. पण त्या जमिनीवर जगणारे अनेक जण होते, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्याच्या मुलाला शहरात शाळेचे दार उघडले. लोहाराच्या मुलाला कारखान्यात रोख वेतन मिळू लागले. जन्माने ठरलेले काम सोडून दुसरे काम धरण्याची मोकळीक मिळाली. गावगाडा मोडला तेव्हा त्याचा आधार गेला, तसा त्याचा जाचही कमी झाला.

अशा रीतीने भांबुर्ड्याची काळी गेली. पांढरी तेवढी राहिली. तिलाच आज ‘गावठाण’ म्हणतात.

नवे नाव

ह्या सुमारास पुण्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारण्याचे ठरले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती ह्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी स्मारकाची कोनशिला भांबुर्ड्याच्या भूमीवर बसविण्यात आली. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज ह्यांनी हे काम तडीस नेले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर ह्यांनी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविला. ब्राँझचा हा प्रचंड पुतळा मुंबईत ओतण्यात आला आणि पुण्यास आणण्यात आला. १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले. श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो पुतळा आजही पाहावयास मिळतो.

पुढील काळात ह्या सबंध भागास ‘शिवाजीनगर’ हे नाव रूढ झाले. रेल्वे स्थानकाच्या फलकावरचे भांबुर्डा हे नाव जाऊन तेथेही शिवाजीनगर आले. महाराष्ट्रात ह्याहून थोर नाव कोणते असणार? त्या नावाचा अभिमान येथील लोकांना वाटला, ह्यात नवल नाही. परंतु एक थोर नाव आले, तेव्हा एक जुने नाव मागे सरले. ज्या नावाने हजारो माणसांनी आपली ओळख सांगितली, ते नाव नव्या पिढीला ठाऊकही राहिले नाही.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. शहर आता दोन्ही तीरांवर पसरले होते. ह्या महानगरपालिकेची मुख्य इमारत नव्या पुलाजवळ नदीच्या डाव्या बाजूस आहे. म्हणजे ज्या गावाला पुण्याने आपल्यात सामावून घेतले, त्याच गावाच्या भूमीवरून आज पुण्याचा कारभार चालतो.

पुराचा दिवस

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर मोठी आपत्ती कोसळली. आंबी नदीवरील पानशेतचे धरण पहाटेनंतर फुटले. त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेला कधी न पाहिलेला पूर आला. पुलांवरून पाणी वाहिले. नदीकाठच्या वस्त्यांत घरे कोसळली, माणसे वाहून गेली, असंख्य कुटुंबे उघड्यावर पडली.

त्या दिवशी नदीने आपला जुना अधिकार दाखविला. कोणता तीर शहराचा आणि कोणता गावाचा, हा भेद पुराने पाहिला नाही. काठावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना नदीच्या कुशीतली सखल जागा ठाऊक असते. शहर वाढताना तिचा विसर पडतो. नदीला मात्र तो पडत नाही.

पूरग्रस्तांना राहण्यासाठी ज्या नव्या वसाहती उभारण्यात आल्या, त्यांपैकी गोखलेनगर ही वसाहत डाव्या तीराकडील टेकडीच्या बाजूस वसली. उजव्या तीरावरच्या पेठांत ज्यांची घरे बुडाली, त्यांपैकी कित्येकांना नदीपलीकडच्या माळाने आसरा दिला. प्लेगच्या दिवसांत हेच घडले होते. संकट आले, की पुणे आपल्या जुन्या शेजाऱ्याच्या दारी गेले, आणि शेजाऱ्याने त्याला जागा दिली.

मागे काय उरले?

मुठा ओलांडण्याच्या तऱ्हा काळाप्रमाणे बदलत गेल्या. आधी पायउतार होता. मग लाकडी पूल झाला, त्यामागून दगडी पूल झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो गाडी शिवाजीनगरकडून जुन्या पेठांकडे जाऊ लागली, ती नदीच्या तळाखाली खोदलेल्या बोगद्यातून. ज्या नदीला पूर आला, की दोन गावांचा संबंध तुटत असे, तिच्या खालून माणसे आता काही क्षणांत पार होतात, आणि डोक्यावरून नदी वाहते आहे, हे त्यांना कळतही नाही.

तरीही शोधणाऱ्याला भांबुर्डे सापडते. मोठ्या रस्त्यावरून आत वळले, की गावठाणातील अरुंद गल्ल्या लागतात. त्यांची वळणे आखून काढलेली नाहीत, माणसांच्या पायांनी पडलेली आहेत. तेथे रोकडोबाचे देऊळ आहे. जंगली महाराज रस्त्याच्या कडेला पाताळेश्वराचा नंदी आपल्या मंडपात बाराशे वर्षांपूर्वीप्रमाणेच बसलेला आहे. वेताळ टेकडीच्या परिसरातील राखीव वनाला वनखात्याने ‘भांबुर्डा वनविहार’ असे म्हटले आहे. गावाचे नाव वस्तीतून निघाले आणि रानात जाऊन राहिले!

असे केवळ पुण्यातच घडले नाही. मुंबईतील माहीम, वरळी, परळ ही एके काळी वेगवेगळी गावे होती. पुणे जिल्ह्यातच भीमेच्या काठी असलेले खेड हे गाव हुतात्मा राजगुरूंच्या सन्मानार्थ राजगुरुनगर झाले. तालुक्याने मात्र खेड हे नाव जपून ठेवले. युरोपात डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि ओबुडा ही शहरे होती, दुसऱ्या तीरावर पेस्ट होते. १८७३ साली ती एक झाली. त्या नव्या शहराने दोन्ही तीरांची नावे एकत्र गुंफली आणि ते बुडापेस्ट झाले. तेथे दोन्ही शेजाऱ्यांना एका नावात जागा मिळाली.

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आज नगरपरिषद असलेले मोठे गाव आहे. परंतु त्याच्या नावातील ‘खेड’ हा शब्द ते एके काळी एक लहान खेडे होते, ही गोष्ट सांगत राहतो. गावाचे नाव हा त्याच्या इतिहासाचा पहिला कागद होय, आणि तो प्रत्येक माणसाच्या जिभेवर लिहिलेला असतो. तो पुसला गेला, की बाकीचे कागद शोधून काढावे लागतात.

शहरे वाढणारच. त्यांना जागा लागणार, पूल लागणार, शाळा व दवाखाने लागणार. त्यासाठी कोणाची तरी काळी जाणारच. परंतु जी भूमी आपल्याला घर देते, तिच्यावर आपल्याआधी कोण नांगर धरून उभे होते, हे ठाऊक असणे हे त्या भूमीचे ऋण मानण्यासारखे आहे. भांबुर्ड्याने पुण्याला आपली शेते दिली, संकटात आसरा दिला आणि शेवटी आपले नावही दिले. त्या गावाची आठवण ठेवणे, एवढी परतफेड तरी शहराला करता येण्यासारखी आहे.

शब्दार्थ

शीव – गावाची हद्द
दप्तर – सरकारी कागदपत्रे
सारा – जमिनीवरील सरकारी कर
पांढरी – गावातील वस्तीची जमीन
काळी – गावातील पिकाऊ जमीन
फाळ शेवटणे – नांगराच्या फाळाला भट्टीत तापवून धार लावणे
मोट – विहिरीतून पाणी काढण्याचे चामड्याचे साधन
गावकूस – गावाभोवतालची भिंत
निवर्तणे – मृत्यू पावणे
दुथडी – दोन्ही काठांना लागून

अभ्यास

१. ‘भांबुर्डे स्वतंत्र होते’ ह्या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) पाताळेश्वराच्या लेण्याची रचना कशी आहे?
(आ) बलुतेदारांना त्यांच्या कामाचा मोबदला कसा मिळे?
(इ) प्लेगच्या साथीनंतर नदीपलीकडे वस्ती का वाढू लागली?
(ई) पुराच्या वेळी डाव्या तीराची शहराला कोणती मदत झाली?

३. ‘शेत दरसाल पिकते, पैसा एकदाच मिळतो.’ ह्या वाक्यातील विचार चार-पाच ओळींत मांडा.

४. गावगाडा मोडल्यामुळे कोणाचे नुकसान झाले व कोणाचा लाभ झाला? दोन्ही बाजू लिहा.

५. मुठा नदी ओलांडण्याच्या साधनांत कसकसा बदल होत गेला, ते क्रमाने सांगा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : लयाला जाणे, तडीस नेणे, बस्तान बसणे, आसरा देणे.

७. आपल्या गावातील किंवा शहरातील एखाद्या भागाचे जुने नाव वडीलधाऱ्या माणसांना विचारून घ्या. ते नाव का पडले व पुढे का बदलले, ह्याविषयी दहा ओळी लिहा.